आतली टीप घेणाऱ्याला काहीच होत नाही?

वाळूज-शेंद्र्याच्या कामगारांच्या ग्रुपांपासून जालना, लातूरपर्यंत एक मेसेज फिरतोय: “इनसायडर ट्रेडिंग फक्त डायरेक्टर लोकांना लागू. आतली खबर मिळाली तर बिनधास्त शेअर घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या टिपा तर कोर्टानंच माफ केल्यात. आणि यात नुकसान कुणाचंच नाही.” यावर विश्वास ठेवून कुणी कष्टाचा पैसा लावू नये, म्हणून लिहितोय.

‘फक्त डायरेक्टर’ हे साफ चूक. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे 2015 चे नियम पदावर थांबत नाहीत. जाहीर न झालेली, भाव ठळकपणे हलवू शकेल अशी माहिती (निकाल, लाभांश, विलीनीकरण) ज्याच्या हाती आली, तो इनसायडर. समजा, वाळूजच्या एखाद्या लिस्टेड कंपनीत अकाउंट्सला असलेल्या माणसानं तिमाहीचे आकडे पाहिले आणि निकालाच्या आठ दिवस आधी बदनापूरच्या मित्राला फोन केला, “नफा दुप्पट झालाय, घेऊन ठेव.” मित्रानं घेतले. सांगणारा अडकतो, तसा घेणाराही; त्यानं त्या कंपनीचं गेटसुद्धा पाहिलेलं नसलं तरी. सेबी कायद्यात दंड किमान 10 लाख. वरची मर्यादा 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. शिवाय 10 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

कोर्टाची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. 2021 मध्ये सॅटनं, म्हणजे सेबीच्या आदेशांवर अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानं, व्हॉट्सअॅपवर निकालाचे आकडे पुढे पाठवणाऱ्यांवरचा दंड रद्द केला, हे खरं. पण का? ते आकडे कंपनीतूनच फुटलेत हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं, असं सेबीला दाखवता आलं नाही म्हणून. बदनापूरच्या मित्राला तर फोन कुणाचा आणि कुठून, हे पक्कं माहीत आहे.

नुकसान कुणाचंच नाही म्हणता, मग त्या मित्राला शेअर विकले कुणी? उदगीरच्या एखाद्या शिक्षकानं मुलीच्या फीसाठी त्या दिवशी विकले असतील. आठ दिवसांनी भाव उसळला, तो फायदा त्याच्या हातून गेला. त्याला कुणी फोन केला नव्हता.

आता उलटी भीतीही नको. नोकरी करता त्याच कंपनीचे शेअर घेणं हा गुन्हा नाही. आतली माहिती हाती नसावी आणि कंपनीनं तुमच्यासाठी ट्रेडिंग विंडो, म्हणजे तिचे शेअर घेण्या-विकण्याची मुभा, बंद ठेवलेली नसावी, एवढंच. ती साधारणपणे तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तासांपर्यंत बंद असते. आणि रस्त्यावरून दिसणारे ट्रक वाढले, जाहीर ताळेबंद वाचला, त्यावरून तुम्ही अंदाज बांधला, तर तो तुमचा अभ्यास. त्यावर खुशाल घ्या.