मामा, तो फॉरवर्ड परत घ्या

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर मामांचा मेसेज आला. खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि 'जरूर वाचा'. सोसायटीतल्या कुणी टाकला असता तर न वाचता पुढे गेले असते. पण मामा नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, युनियनचे जुने माणूस. त्यांच्या मोबाइलवरून हे यावं, म्हणून डोकं फिरलं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: हॉलिवूडच्या लेखकांनी पाच महिने संप केला. महिन्याला पन्नास लाख कमावणाऱ्यांचा संप! मिळालं काय? शून्य. आता कंपन्या एआयकडून एका रात्रीत चाळीस भाग लिहून घेतात. प्रेक्षकांना वेठीस धरलं, गरिबांची रोजीरोटी बुडवली. आपले लेखक बघा, कधी संप नाही, मालिका रोज साडेसातला हजर. देशप्रेमी असाल तर शेअर करा.

देशप्रेम यात कुठून घुसलं ते मला विचारू नका. मी काही सिनेमा-टीव्हीच्या धंद्यातली नाही. मालिका बघणारी बाई आहे, मराठीही आणि इंग्रजीही, आणि गेली पंधरा-वीस वर्षं नियमाने बघते. तेवढ्या भांडवलावर बोलते.

पहिलं, पन्नास लाख. हा आकडा कुठून आला याचा पत्ता मेसेजमध्ये नाही. संप २ मे २०२३ ला सुरू झाला. त्याआधी मार्चमध्ये लेखकांच्या संघटनेने, म्हणजे रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिकाने, आपल्या सभासदांच्या कमाईचा अहवाल काढला होता. तो माझ्या मते सगळ्यांनी एकदा वाचावा. त्यात आहे की २०१३-१४ मध्ये टीव्हीचे एकतृतीयांश लेखक करारातल्या किमान दरावर काम करत होते, आता जवळजवळ निम्मे करतात. लेखक-निर्माता म्हणून वर चढलेल्यांचा मधला साप्ताहिक मोबदला दहा वर्षांत ४ टक्क्यांनी घसरला, आणि महागाई धरली तर २३ टक्क्यांनी. शिवाय हा मोबदला आठवड्याचा आहे, बारमाही पगार नाही. पूर्वी एका सीझनला बावीस भाग असायचे, वर्षाचा बराच काळ काम असायचं. आता आठ-दहा भाग, काही आठवड्यांचं काम, मग पुढचं मिळेपर्यंत घरी. मामा, तुमच्या कारखान्यात ह्याला 'टेम्पररी' म्हणायचे. कोट्यधीश लेखक आहेतच, नाही कोण म्हणतं? नाशिकमध्ये कोट्यधीश द्राक्षबागायतदारही आहेत. म्हणून द्राक्षाचा प्रत्येक शेतकरी कोट्यधीश होतो का?

आता एआयचं. ह्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त टाळ्या ह्याच वाक्याला पडल्या. भाचेमंडळींनी रॉकेट वगैरे टाकलं.

मामींकडे गेले तेव्हा आम्ही प्रयोगच केला. मामींनी माझ्या फोनला मराठीत सांगितलं, एकत्र कुटुंबातल्या मालिकेचा एक भाग लिही, सासूचा हार हरवतो आणि आळ धाकट्या सुनेवर येतो. अर्ध्या मिनिटात भाग तयार. पहिल्या प्रसंगात हार हरवला. दुसऱ्यात सून रडली. तिसऱ्यात हार देवघरात सापडला, सासूने सुनेला मिठी मारली आणि म्हणाली, 'कुटुंब हीच खरी संपत्ती आहे.' मामींनी चष्मा वर केला. म्हणाल्या, "तिसऱ्याच प्रसंगात सापडला? मग आता पुढचे पाचशे भाग काय दाखवणार, मिठ्या?"

मामींना पटकथेचं शास्त्र कुणी शिकवलेलं नाही. पण हार कुणी लपवला हे प्रेक्षकाला आधी कळायला हवं आणि सुनेला सगळ्यात शेवटी, एवढं त्यांना समजतं. संवादलेखक बदलला की त्यांना दोन दिवसांत वास येतो. "ही आत्या कालपर्यंत 'बरं बाई' म्हणायची, आज 'ओके' कशी म्हणते?" असं त्या टीव्हीकडे बघत विचारतात. त्या 'बरं बाई'चे पैसे कुणीतरी घेत असतं, मामा. द्यायला नकोत का?

आणि संपावर गेलेल्या लेखकांची खरी भीती 'यंत्र माझ्यापेक्षा चांगलं लिहील' ही नव्हतीच. भीती होती कंपन्यांच्या युक्तीची: यंत्राकडून कच्चा मसुदा काढायचा, लेखकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, तू फक्त दुरुस्त कर. पहिल्यापासून लिहिण्याचा दर वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा, कमी. म्हणजे बिघडलेलं सगळं पुन्हा लिहायचं, आणि पैसे दुरुस्तीचे. कारखान्यात कुशल कामगाराचं काम हेल्परच्या दराने करून घ्यायची युक्ती तुम्ही बघितली आहे. तीच ही, फक्त वातानुकूलित. संप मिटताना झालेल्या करारात ह्यालाच आडवं घातलंय. एआयने काढलेला मजकूर लेखनसाहित्य धरायचा नाही, लेखकावर एआय वापरण्याची सक्ती करायची नाही, आणि हातात दिलेला कागद यंत्राचा असेल तर ते आधी सांगायचं.

म्हणजे 'मिळालं काय, शून्य' हेही गेलंच. तरी यादी देते. किमान दरात पहिल्या वर्षी ५ टक्के वाढ, मग ४, मग साडेतीन. मालिका पक्की झाली की एकत्र बसून लिहिणाऱ्या लेखकांच्या चमूत किमान ३ जण घ्यायचे, भाग जास्त असतील तर ६ पर्यंत. स्ट्रीमिंगवर एखादी मालिका पहिल्या ९० दिवसांत त्या कंपनीच्या देशातल्या २० टक्के ग्राहकांइतकी बघितली गेली, तर लेखकाला बोनस. संप १४८ दिवसांनी मिटला आणि मतदानात ९९ टक्क्यांनी करार मान्य केला. शून्य मिळाल्यावर लोक असं मतदान करतात का?

ह्या बोनसच्या मागे एक जुनी गोष्ट आहे, ती मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असण्याची शक्यता नाही. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ असाही एक संप झाला, १०० दिवसांचा. तेव्हा भांडण डीव्हीडी आणि इंटरनेटवरून होतं. एक डीव्हीडी विकली की लेखकाच्या वाट्याला साधारण चार सेंट यायचे. आणि इंटरनेटवर पुढेमागे काय कमाई होईल ते आत्ताच कसं सांगणार, असा स्टुडिओंचा सूर होता. आणि २००७ च्याच जानेवारीत नेटफ्लिक्सने घरपोच डिस्कच्या जोडीला ऑनलाइन दाखवणं सुरू केलं होतं! लेखक तेव्हा अडून बसले नसते, तर आज मोबाइलवर दिसणाऱ्या मालिकांमध्ये त्यांना हक्काने शिरताच आलं नसतं.

त्या संपाची झळ मला प्रेक्षक म्हणून लागली आहे. 'ब्रेकिंग बॅड'चा पहिला सीझन संपामुळे सातच भागांत आटोपला. मी ती पुढे कधीतरी बघितली, आणि सातवा भाग संपल्यावर आठवा शोधत बसले. तो नव्हताच. चिडले. पण कुणी मला 'वेठीस' वगैरे धरलं नव्हतं. एक मालिका लांबली, मी दुसरी लावली.

रोजीरोटीचं वाक्य मात्र अर्धं खरं आहे. नाइलाजाने मान्य करते. शूटिंग थांबलं तेव्हा मेकअपवाले, सुतार, ड्रायव्हर, जेवण पुरवणारे सगळे घरी बसले, आणि त्यातले कितीतरी लेखकांपेक्षाही कमी कमावणारे. ही बाजू नाशिककराला समजावायला नको. २०२३ च्या सप्टेंबरात, तिकडे लेखकांचा संप मिटत होता त्याच दिवसांत, इकडे ४० टक्के निर्यात शुल्काविरुद्ध व्यापाऱ्यांनी लासलगावसह जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद ठेवले होते. बंद व्यापाऱ्यांचा, आणि कांदा अडकला शेतकऱ्याच्या चाळीत. पण म्हणून मूळ भांडण खोटं ठरत नाही. आणि गरिबांचा एवढा कळवळा असलेला हा मेसेज, पाच महिने बोलणी लांबवणाऱ्या कंपन्यांबद्दल एक अक्षर काढत नाही.

राहिले आपले लेखक, 'कधी संप न करणारे'. माझ्या ओळखीची कॉलेज रोडची एक मुलगी मालिकेचे संवाद लिहिते. रात्री अकराला निरोप येतो की उद्याच्या सीनमध्ये आजोबा नाहीत, त्यांची तारीख मिळाली नाही. मग ती दीडपर्यंत आजोबांची वाक्यं काकांच्या तोंडी घालते. पैसे भागामागे, आणि भाग दाखवल्यावर तीन-तीन महिन्यांनी. ती संप करत नाही कारण तिच्या जागी उद्या दुसरी बसेल. ह्याला देशप्रेम म्हणायचं असेल तर म्हणा. २०१२ मध्ये आपल्याकडे कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, लेखकाच्या रॉयल्टीच्या हक्काची तरतूद आली, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. ह्या मुलीला अजून एक रुपया त्यातून आलेला नाही.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी मामांचा फोन आला. मेसेजबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "त्या पाच महिन्यांत त्यांना पैसे कोण देत होतं गं?"

म्हटलं, पगार कुणीच नाही. संघटनेचा निधी असतो, अडलेल्याला त्यातून कर्ज मिळतं.

"कर्ज तरी मिळतं," मामा म्हणाले. "आम्ही गेटवर बसलो तेव्हा नाक्यावरच्या किराणावाल्याने दोन महिने वही चालवली. डाळ, तेल, सगळं. तुझ्या मामीने मग त्याच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस पोळ्या लाटल्या."