मीठ, लिंबू, मिशेरी: दातांची कळ वाढवायचा खात्रीशीर उपाय

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: दात शिवशिवतात ते अंगात कॅल्शियम कमी म्हणून. मीठ, लिंबू आणि मिशेरी एकत्र करून सात दिवस घासा, कळ कायमची जाईल. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट म्हणजे लूट. डॉक्टरकडे जाऊ नका, तो सफाई करून दात ढिले करतो आणि मग रूट कॅनल, म्हणजे दाताची नस काढून आतली पोकळी भरणं, गळ्यात मारतो.

आधी कॅल्शियम. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, ज्या पेशी बनवतात त्या दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. त्या कवचात रक्तवाहिनीही नाही. त्यामुळे मोठेपणी घेतलेली गोळी हाडांना लागेल, इनॅमलपर्यंत पोचायला तिला वाटच नाही. इनॅमलला खनिज मिळतं ते बाहेरून, लाळेतून.

मग कळ येते कुठून? इनॅमलच्या आत डेंटिन असतं आणि त्यात नसेच्या दिशेने जाणाऱ्या हजारो सूक्ष्म नळ्या, द्रवाने भरलेल्या. दाढेच्या उंचवट्यावर इनॅमल दोन-अडीच मिलिमीटर जाड, पण हिरडीपाशी येईतो जवळजवळ संपतं. हिरडी जरा खाली सरकली की मूळ उघडं पडतं आणि झिजेने नळ्यांची तोंडं मोकळी होतात. गार पाणी, वारा, गोड, खारट, आंबट, कशानेही आतला द्रव हलतो आणि नस चमकते. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोगांनी मांडलं. गाराने द्रव बाहेरच्या बाजूला ओढला जातो, म्हणून चहापेक्षा फ्रिजमधलं पाणी जास्त झोंबतं. मोदकाचं चूण किंवा दाट मिठाचं पाणीसुद्धा आतला द्रव असाच ओढतं. म्हणजे मजकुरातला पहिला घटक, मीठ, हाच कळ उठवणारा.

दुसरा लिंबू. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ ते २.६, इनॅमल विरघळायला लागतं साधारण ५.५च्या खाली, डेंटिन तर त्याहून आधीच. रसाने पृष्ठभाग मऊ करायचा आणि लगेच मिठाच्या खड्याने घासायचा, यापेक्षा दात झिजवायची चांगली पद्धत सांगता येणार नाही. लाकूड घासायच्या पॉलिशपेपरचं काम मीठ करतं. गेरू घातलेलं लाल मंजन आणि चुलीतली राख याच जातीची.

ही झीज ओळखता येते. सुळा आणि त्याच्या मागच्या दोन दाढा आरशात बघा. हिरडीलगत आडवी, पाचरीसारखी खाच दिसेल, नखाने अडकेल. उजव्या हाताने दाबून घासणाऱ्यांत ती बहुधा डाव्या बाजूला जास्त खोल असते.

आता मिशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच ती. लावली की बरं वाटतं हे खरं आहे. निकोटिनची तलफ भागते, आणि भुकटीचे कण नळ्यांच्या तोंडाशी काही काळ बसलेही असतील. पण जिथे ती रोज दाबून ठेवली जाते तिथली हिरडी सरकते, म्हणजे मूळ आणखी उघडं. शिवाय निकोटिनने हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो, म्हणून हिरडीचा आजार असूनही रक्त येत नाही आणि बाई समजते आपले दात घट्ट आहेत. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा चट्टा दिसला तर दाताचा विचार बाजूला ठेवून आधी तो दाखवा.

पेस्ट लूट आहे का? जाहिरातीतलं ‘झटपट’ लूट म्हणा हवं तर. वेष्टनावर घटक वाचा: ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असेल तर ते नसेला शांत करतं, स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिन असेल तर नळ्यांची तोंडं बुजतात. घटक तोच असेल तर स्वस्तातली घ्या. बहुतेकांचं चुकतं ते वापरण्यात. चार दिवस लावून ‘काही फरक नाही’ म्हणतात. पोटॅशियम नायट्रेटला रोज दोनदा, दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. मऊ ब्रश पेनासारखा धरून, हिरडीशी तिरका ठेवून, दोन मिनिटं. नंतर थुंका, भरभरून चुळा भरू नका, नाहीतर औषध बेसिनमध्ये जातं. जिथे कळ जास्त तिथे मटारएवढी पेस्ट बोटाने मिनिटभर चोळली तरी चालते. चार आठवड्यांत उतार नसेल तर कारण दुसरं आहे, ते शोधायला हवं. बारा वर्षांखालच्या मुलांना विचारल्याशिवाय देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये तक्रारी वाढल्या तर नवल नाही: मीठ-मसाला लावलेली कैरी, कोकमाच्या आगळाचं सरबत, गालात ठेवलेलं आमसूल. सोलकढी बंद करा असं कोणी म्हणत नाही. आंबट जेवणासोबत एकदाच खा, दिवसभर चघळू नका, मग साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश निदान अर्ध्या तासाने.

सफाईने दात ढिले होत नाहीत. हाड आधीच झिजलेलं असतं; किटणाने दात एकमेकांना चिकटून उभे होते, किटण गेलं की खरी स्थिती कळते. झाकलेलं मूळ उघडं पडल्याने आठवडा-दोन आठवडे गार लागतं, तेवढं मात्र आधी सांगायला हवं, आणि बरेच डॉक्टर ते सांगत नाहीत.

रूट कॅनल शिवशिवीवरचा पहिला उपाय नव्हेच. आधी पेस्ट, मग फ्लोराइडचं व्हार्निश, खाच असेल तर ती दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरणं, रात्री दात खाण्याची सवय असेल तर त्यासाठी नाइट गार्ड. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो, तिथे एकदा तरी दात तपासून घ्या. गार पाणी गिळल्यावर कळ काही सेकंदांत थांबते ती शिवशिव. अर्ध्या मिनिटानंतरही रेंगाळणारा, गरमाने उठणारा किंवा झोपेतून जागं करणारा ठणका म्हणजे नस सुजलेली. तिथे पेस्ट निरुपयोगी आणि लवंगेचं तेल फक्त तासभराची भूल, तीही हिरडी पोळवून. चावून दाब सोडताना कळ आली तर दाताला तडा असू शकतो, अख्खी रोठा सुपारी फोडणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी जा.