“स्टाफ ठेवू नका, बिल घ्या” म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस तोच मेसेज फिरतोय. आधी गोव्यात आमच्या म्हापशातल्या दुकानदारांच्या ग्रुपवर आला, मग गेस्ट हाऊसवाल्यांच्या, आणि काल माझ्या मेव्हण्याने पाठवला, ज्याच्याकडे कामाला एकच माणूस आहे आणि तोही अर्धा दिवस. मेसेज साधारण असा: पगारी स्टाफ ठेवणं म्हणजे मूर्खपणा, सगळ्यांना कॉन्ट्रॅक्टर करा, पीएफ नाही ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, पाहिजे तेव्हा काढा, अपघात झाला तर त्याचं तो बघेल, टीडीएस (पैसे देतानाच कापायचा इन्कम टॅक्स) कापला की विषय संपला, काम मात्र सगळं तुमच्या मालकीचं, पेमेंट सवडीने करा, आणि अ‍ॅग्रीमेंट असलं की कोर्टही तुमचं काही करू शकत नाही. खाली दोन रॉकेट आणि हात जोडलेले.

मी वकील नव्हे, सीए पण नव्हे, बारा वर्षं लोकांचे हिशेब लिहितो, त्यात दोन शॅक (बीचवरची खाण्याची हॉटेलं), तीन गेस्ट हाऊस, एक बेकरी आणि गॅरेजवाले आहेत. कॉन्ट्रॅक्टर घेऊच नका असं मी कधीच सांगत नाही, पण ह्या मेसेजमधली कारणं धरून घेतलात तर फसाल.

पहिलं, “पीएफ-ईएसआय वाचतो”. अहो पण तुमच्याकडे माणसं किती? पीएफ लागतो 20 माणसं झाली की, ईएसआय आणि ग्रॅच्युइटी 10 झाली की. ग्रुपवरचे निम्मे पात्रांव, म्हणजे मालक, पाच-सहा माणसांवर धंदा चालवतात, त्यांना हे लागूच नाही, मग वाचवणार काय? आणि ज्यांच्याकडे 18 आहेत आणि वाटतं की पुढची पाच कॉन्ट्रॅक्टवर घेतली की आकडा 18 वरच राहील, त्यांच्यासाठी सांगतो, 1952 च्या पीएफ कायद्यातच कर्मचाऱ्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूस धरलेला होता. त्यामुळे मोजणारा तुमचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, बघून थांबत नाही, किचनमध्ये किती जण उभे आहेत ते बघतो.

आता एजन्सीकडून माणूस घेतला तर काय होतं ते आकड्यात बघा, कारण हे कोणी करूनच बघत नाही. 16,000 पगार धरा, आधी माणूस स्वतः ठेवलात तर. पीएफ पूर्ण पगारावर 12 टक्के म्हणजे 1,920, ईएसआयचा मालकाचा हिस्सा 3.25 टक्के म्हणजे 520, वर अ‍ॅडमिन चार्जेस वगैरे, सगळं मिळून 2,600 च्या आसपास. एजन्सी 16,000 वर जीएसटी लावणार 18 टक्के, म्हणजे 2,880, आणि पीएफ, ईएसआय, स्वतःचं कमिशन हे सगळं बिलात वेगळं घालून त्यावरही जीएसटी. आपली बहुतेक रेस्टॉरंट 5 टक्क्यांत बसतात, त्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणजे तो 18 टक्के सरळ खिशातून. सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 पर्यंत भाड्याच्या खोल्याही तशाच 5 टक्के, विना क्रेडिट. एका गेस्ट हाऊसवाल्याला हे कागदावर मांडून दाखवलं तर तो पाच मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला चहा घेणार?

“पाहिजे तेव्हा काढा.” बरं, आणि तो पाहिजे तेव्हा जाणार त्याचं काय? माझ्या एका शॅकवाल्याने कुकला असंच ‘कन्सल्टंट’ केलं होतं, नोटीस पिरियड नको म्हणून. 23 डिसेंबरला सकाळी कुक आलाच नाही, शेजारच्या बीचवर कोणी चार हजार जास्त दिले. फोन केला तर तो म्हणाला, माझं तुमच्याशी काही बांधलेलं नाही ना! खरंच नव्हतं. नाताळ ते न्यू इयर मालकीणबाई स्वतः तव्यापाशी उभ्या होत्या. सीझनपुरताच माणूस पाहिजे असेल तर ठरावीक मुदतीची नेमणूक द्या, ऑक्टोबर ते मे, मुदत संपली की नेमणूक आपोआप संपते. 21 नोव्हेंबर 2025 पासून जे नवीन लेबर कोड लागू झाले त्यात ह्याला चक्क जागा केलेली आहे, फक्त त्याला बाकी सवलती पर्मनंट माणसासारख्याच द्याव्या लागतात, आणि कायदा लागू असेल तिथे वर्षभर काम झालं की प्रमाणात ग्रॅच्युइटीही.

अपघाताचं तर अगदीच चुकीचं आहे. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यापासून नियम असा की तुमच्या धंद्याचंच नेहमीचं काम तुम्ही ठेकेदाराकडून करून घेतलं आणि त्याचा माणूस जखमी झाला, तर भरपाई तुमच्याकडूनही मागता येते, मग ती ठेकेदाराकडून वसूल करणं ही तुमची डोकेदुखी. रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाक हे धंद्याचं काम. एसी दुरुस्त करायला आलेला पडला तर गोष्ट वेगळी.

टीडीएसचा मुद्दा दोन ओळींचा. एक टक्का कापला काय, दहा कापले काय, त्याने माणूस तुमचा नोकर आहे की नाही हे ठरत नाही. दर महिन्याला एक तारखेला त्याच रकमेचं ‘बिल’ येत असेल तर उलट तेच तुमच्याविरुद्ध पुरावा.

आता मुख्य, “अ‍ॅग्रीमेंट केलं की कोर्ट काही करू शकत नाही”. हे ज्याने लिहिलं त्याने मिठागर बघितलं नसावं. सौराष्ट्रात मिठागरांवर काम करणारे अगरिया होते, घरची माणसं घेऊन यायचे, मणामागे दर ठरलेला, कामाचे तास नाहीत, मदतीला माणसं लागली तर ते स्वतः आणणार आणि त्यांचे पैसेही स्वतःच देणार. मालक म्हणाले हे ठेकेदार. सुप्रीम कोर्टाने 1956 साली सांगितलं, नाही, हे कामगार. का, तर खारं पाणी पुरेसं दाट झालं की नाही हे मालकाचा माणूस तपासणार आणि मगच ते वाफ्यात सोडायचं, प्रत्येक टप्प्यावर देखरेख मालकाची. मग 1973 साली आंध्रातल्या एका टेलरिंग दुकानाची केस. शिंपी नगावर पैसे घ्यायचे, रोज यायलाच पाहिजे असं नाही, दुसरीकडेही शिवायचे, काही तर कपडा घरी न्यायचे. तरी कोर्टाने त्यांना कर्मचारीच धरलं, मशीन दुकानाचं होतं आणि शिलाई पसंत नाही पडली तर उसवून पुन्हा शिव म्हणायचा हक्क मालकाचा होता.

म्हणजे कागदावरचं नाव कोणी बघत नाही, काम कसं चालतं ते बघतात. हे समजायला कोर्टात जायला नको, भाटात, माडांच्या बागेत जा. आपला पाडेली, नारळ पाडणारा, येतो तो स्वतःचा कोयता घेऊन, माडामागे दर तो सांगतो, आज तुमच्याकडे तर उद्या शेजाऱ्याकडे, कुठल्या माडावर आधी चढायचं हे तुम्ही सांगायला गेलात तर तो वरूनच ऐकवील. चवथीच्या आधी तर महिनाभर त्याच्या मागे फिरायचं. हा खरा स्वतंत्र माणूस. आणि तुमच्या रिसेप्शनवरचा पोरगा, युनिफॉर्म तुमचा, नऊ ते सहा, सुट्टी मागून घेतो, आठ महिन्यांत दुसऱ्या कोणाचं काम केलेलं नाही, त्याला स्टॅम्प पेपरवर पाडेली म्हटलं म्हणून तो पाडेली होत नाही.

मधले लोक असतात, ते मान्य. बेकरीवाल्याने विचारलं आमच्या पोदेराचं, घरोघर पाव विकणाऱ्याचं, काय? सायकल त्याची, पावांवर कमिशन, पण गिऱ्हाईकं बेकरीची आणि पहाटेची वेळही बेकरीची. इथे मीही चटकन बोट ठेवत नाही, अशा ठिकाणी वकिलाला चार पैसे द्यावेत.

“काम तुमच्या मालकीचं” हे तर उलटंच आहे. पगारी माणसाने नोकरीत केलेल्या लिखाणाचा, वेबसाइटच्या कोडचा कॉपीराइट सहसा मालकाचा. फ्रीलान्सरने केला तर तो त्याचाच, लेखी तुमच्या नावावर करून घेत नाही तोवर. आणि लेखी करतानाही मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो. ह्यात दोघे पोळलेले मला माहीत आहेत. फोटोचं वेगळं, पैसे देऊन काढून घेतलेले फोटो तसं काही ठरलं नसेल तर तुमचे.

पेमेंट सवडीने? समोरच्याचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, असेल तर 45 दिवसांत, आणि मुदत लेखी ठरलेली नसेल तर 15 दिवसांत द्यायला लागतं. उशीर झाला तर व्याज बँक रेटच्या तिप्पट, आणि पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च इन्कम टॅक्सला धरता येत नाही. पगारवाला बिचारा दोन दिवस थांबतो तरी.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर मेसेज पाठवणाऱ्याचाच रात्री फोन. म्हणाला, बाबा, मग मी काय करू, पाच माणसं आहेत आणि तो वेबसाइटवाला. म्हटलं पाच जणांना साधं नेमणूक पत्र दे, मिनिमम वेज बघून पगार बँकेत घाल, तुला ना पीएफ लागतो ना ईएसआय. वेबसाइटवाल्याला कॉन्ट्रॅक्टवरच ठेव, तो तुझ्यासारख्या दहा जणांचं काम करतो, फक्त कोड नावावर करून घे, पासवर्ड सगळे आपल्याकडे ठेव आणि त्याचे मागच्या जूनचे पैसे आधी देऊन टाक. “ते तुला कोणी सांगितलं?” म्हणाला.

वेबसाइट बंद आहे रे तुझी, मंगळवारपासून.