‘२५२ टाका आणि मोकळे व्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमूंगस या पोकेमॉनला ईव्ही (त्याचे आकडे वाढवायला वाटायचे गुण, एका आकड्याला जास्तीत जास्त २५२) कसे द्यायचे यावरच्या माझ्या लेखाखाली आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे पदरचं काही घातलं असं कुणी म्हणायला नको:

“साहेब, एवढं गणित कशाला? सपोर्टला एचपी २५२, डिफेन्स २५२, उरलेले ४ कुठेही. सेजुन पार्कच्या पाचिरीसूला हेच होतं, तो वर्ल्ड चॅम्पियन झाला. सेफ्टी गॉगल्सचा तर उल्लेखच नाही. मुळात अमूंगस बसका आहे, टॉन्ट पडला की नुसता उभा. इन्सिनरोर घ्या. आधी खेळून बघा, मग शिकवा.”

गॉगल्सचं मान्य. समोरच्या पोकेमॉनकडे सेफ्टी गॉगल्स ही वस्तू असेल तर त्याला स्पोअर (झोपवणारी चाल) लागत नाही आणि रेज पावडर (हल्ले अमूंगसवर ओढून घेणारी चाल) त्याचा हल्ला ओढूनही घेत नाही. हे लेखात यायला हवं होतं, राहिलं, आता घातलंय. ग्रास टाइप आणि ओव्हरकोट ही ॲबिलिटी यांनाही पावडर लागत नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. तिथवर वाचलं असतंत तर दिसलं असतं.

‘आधी खेळून बघा’बद्दल. मी २०१४ पासून डबल्स (दोन विरुद्ध दोन) खेळतोय आणि अमूंगस तेव्हापासून टीममध्ये आहे. हे असं सांगत बसायला मला आवडत नाही, पण विषय तुम्ही काढलात. आणि ते ‘साहेब’. चूक दाखवायला कुणाची हरकत नाही हो, पण ती दाखवताना टोपी उडवायलाच हवी का? असो.

आता तुमचं ते २५२-२५२, कारण हे वाक्य वाचून उद्या चार नवीन मुलं तेच करतील.

लेव्हल ५०, रिलॅक्स्ड नेचर (डिफेन्स वाढवणारा, स्पीड कमी करणारा स्वभाव). तुमच्या हिशेबाने अमूंगस होतो एचपी २२१, डिफेन्स १३४, स्पेशल डिफेन्स १०१. मी लेखात दिलेल्या २३६, १५६, ११६ ईव्हींनी होतो २१९, १२१, ११५. १३४ बघून छाती फुगते, कबूल. पण अमूंगसला मारतं कोण? फायर, आइस, फ्लाइंग, सायकिक. म्हणजे मैदानात हीट वेव्ह, ब्लिझर्ड, ब्लीकविंड स्टॉर्म आणि सायकिक टेरेनमधला एक्सपँडिंग फोर्स. चारही स्पेशल, म्हणजे स्पेशल डिफेन्सवर झेलायचे, आणि चारही दोघांना एकदम लागणारे. दोघांवर पडणारा हल्ला रेज पावडर ओढूच शकत नाही, तेव्हा तुम्ही काहीही दाबा, अमूंगसला तो अंगावर घ्यावाच लागतो. आणि तिथेच तुम्ही ४ ईव्ही ठेवलेत, तेही ‘कुठेही’!

१०१ वर २३० नुकसान करणारा फटका ११५ वर साधारण २०२ करतो. तुमचा २२१ चा अमूंगस गेला, माझा १७ एचपी घेऊन उभा आहे आणि पुढच्या पाळीत स्पोअर टाकतोय. उलट बाजूही सांगतो, लपवत नाही. १३४ वर १९० लागणारा फिजिकल फटका १२१ वर २१० लागतो, तो माझा जेमतेम झेलतो. तोच २०० चा असेल तर माझा जातो, तुमचा राहतो. हा सौदा मी समजून उमजून केलेला आहे.

१५६ च का? रिलॅक्स्डमुळे डिफेन्सला १० टक्के मिळतात आणि अपूर्णांक कापला जातो. १४८ ईव्हीला मूळ आकडा १०९, त्याचे होतात ११९. आणखी ८ टाकले की ११०, त्याचे १२१. एरवी ८ ईव्हीला एक पॉइंट मिळतो, इथे दोन. आणि एचपी २२१ न करता २१९ का, तर रिजनरेटर ही अमूंगसची ॲबिलिटी त्याला मागे घेतल्यावर एक तृतीयांश एचपी परत देते: २१९ चे ७३, आणि २२१ चेही ७३ च. वाचलेले १६ ईव्ही स्पेशल डिफेन्सला दोन पॉइंट देतात. सिट्रस बेरी (पाव एचपी परत देणारं फळ) धरवलीत तर ५५ ऐवजी ५४ मिळतील, एवढाच तोटा.

ईव्ही वाढवणाऱ्या बाटल्यांचा हिशेब (बाटलीला १०, पिसाला १): एचपी अप २३, आयर्न १५, झिंक ११, शिवाय तिन्हींची प्रत्येकी ६ पिसं. २६-२६ बाटल्या ओतून मोकळं होणं सोपं पडतं हे मला कळतं. तसं सरळ म्हणा ना मग, दुसऱ्याच्या गणिताला नावं कशाला ठेवता?

पाचिरीसू. आकडे खरे आहेत: इम्पिश नेचर, २५२ एचपी, २५२ डिफेन्स, ४ स्पेशल डिफेन्स, सिट्रस बेरी, आणि चाली नझल, सुपर फँग, फॉलो मी, प्रोटेक्ट. पण तो निव्वळ इलेक्ट्रिक. त्याला जड जातो एकटा ग्राउंड, आणि २०१४ मध्ये ग्राउंड म्हणजे मुख्यतः गार्चॉम्पचा अर्थक्वेक, फिजिकल. डिफेन्स बेस (जातीचा मूळ आकडा) दोघांचाही ७०, पण स्पेशल डिफेन्स बेस पाचिरीसूचा ९० आणि अमूंगसचा ८०. म्हणून तेवढ्याच ४ ईव्हीत त्याला १११ मिळाले, तुम्हाला १०१ मिळतात. शिवाय फॉलो मी रेज पावडरसारखेच हल्ले ओढतं, पण पावडर नाही, त्याला गॉगल्स आणि ग्रास टाइप आडवे येत नाहीत. पार्कने समोर काय येणार ते बघून २५२ ठेवले. तुम्ही पार्कचे बघून ठेवलेत.

उरलं बसकेपण. टॉन्ट (हल्ल्याखेरीज बाकीच्या चाली बंद करणारी चाल) पडला तरी पॉलन पफ चालतो, कारण तो हल्ल्यात मोजला जातो, आणि साथीदारावर टाकला तर त्याला निम्मं एचपी देतो. लेखात आहे. अमूंगसची खरी दुखरी नस फेक आउट, समोरच्याला दचकवणारा हल्ला: त्याची प्रायॉरिटी (जास्त असेल ती चाल आधी) +३, रेज पावडरची +२, त्यामुळे पाळीच हुकते. उपाय कव्हर्ट क्लोक ही वस्तू, ती असली की दचकणं टळतं. टीकाच करायची होती तर ही करायची होतीत. इन्सिनरोर घ्या म्हणता, तर तो माझ्या त्याच टीममध्ये अमूंगसच्या शेजारी बसलाय. लेखातलं चित्र उघडून बघा.

एक विचारतो, खोचकपणे नाही (बरं, थोडं खोचकपणे). तुमच्या अमूंगसचा स्पीड किती? नेचर बोल्ड असेल आणि आयव्ही (जन्मजात गुण, ० ते ३१) मुळातच किंवा सरसकट वापरलेल्या गोल्ड बॉटल कॅपने ३१ असतील, तर तो ५० आहे. ट्रिक रूममध्ये (तिथे हळू तो आधी) स्पीड कमी करणाऱ्या ब्रेव्ह नेचरचा, ० आयव्हीचा आयर्न हँड्स, ज्याचा स्पीड ४९, तुमच्या स्पोअरच्या आधी मारून मोकळा होतो. रिलॅक्स्ड आणि ० आयव्ही असेल तर स्पीड ३१, तुम्ही आधी. कॅपने चढवलेला आयव्ही परत उतरत नाही, नवीन अमूंगस पकडावा लागेल. आकडा कळवा, पुढचं मग बोलू.