लामींच्या आधी सांता फेमध्ये काहीच नव्हते?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रदेशातल्या सांता फे शहरात १८५१ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त लामी हे फ्रेंच बिशप पोहोचले, तेव्हा तेथे ना चर्चची घडी बसलेली होती ना शाळा होत्या. असलेले मेक्सिकन धर्मगुरू अडाणी, उद्दाम आणि बदफैली होते, त्यांनी नव्या बिशपांना जुमानले नाही, आणि लामींनी एकहाती सांता फेचा धर्मप्रांत उभा केला, अशी कहाणी सर्रास सांगितली जाते. तिच्यातील लामींचे कष्ट खरे आहेत. बाकीचे तपासून घ्यावे लागते.

तेथे काही नव्हते, हे विधान सर्वांत आधी कोसळते. फ्रान्सिस्कन मिशनरी १५९८ पासून त्या प्रदेशात होते. ताओसचे पाद्रे आंतोनियो होसे मार्तीनेस यांनी १८२६ मध्ये शाळा काढली, पुढे धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या मुलांची तयारी करून घेतली आणि १८३५ पासून छापखानाही चालवला.

नकाराचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८४८ च्या तहाने हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला आणि १८५० मध्ये रोमने तेथे लामींची नेमणूक केली. परंतु तोवर हा प्रदेश ज्यांच्या अखत्यारीत होता, त्या मेक्सिकोतील दुरांगोच्या बिशप सुबिरिया यांना त्याची रीतसर सूचना मिळालेली नव्हती. मग सांता फेतील त्यांचे प्रतिनिधी हुआन फेलीपे ओर्तीस यांनी आपल्या बिशपांची चिठ्ठीही नसताना कारभार परक्याच्या हाती कसा द्यावा? मुंबई-वसईत पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाचा बिशप नेमण्याचा हक्क) आणि प्रोपगांडा (मिशनकार्य पाहणारे रोमचे खाते) यांच्यात ‘आपला बिशप कोण’ यावरून काय काय घडले, हे ज्यांना ठाऊक आहे, ते तरी याला उद्दामपणा म्हणणार नाहीत. लामींनीही भांडत बसण्याऐवजी घोड्यावर मांड टाकली, हजार किलोमीटरहून दूरचे दुरांगो गाठले, सुबिरियांना रोमचे पत्र दाखवले आणि त्यांची मान्यता घेऊन ते परतले. धर्मप्रांताचा दर्जा त्यानंतर, १८५३ मध्ये मिळाला.

मार्तीनेस यांच्या खासगी आयुष्याविषयीचे आरोप सगळेच निराधार नव्हते. संघर्ष मात्र पेटला तो दशांशावरून, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्यावरून. दशांश न देणाऱ्यांना संस्कार नाकारले जातील, असे लामींनी १८५४ मध्ये जाहीर केले, आणि गरिबांवरच्या या ओझ्याला मार्तीनेस यांचा जुना विरोध होता. १८५६ मध्ये ते निलंबित झाले, पुढे बहिष्कृतही. माझ्या मते या प्रकरणात लामींचा निर्णय कठोर होता.

‘एकहाती’ या शब्दाने तर लोरेटो या संघाच्या धर्मभगिनींवर (नन्सवर) अन्याय होतो. १८५२ मध्ये सांता फेकडे येताना वाटेतच त्यांच्या प्रमुखांना पटकीने गाठले. तरीही उरलेल्या भगिनींनी पुढच्याच वर्षी मुलींची शाळा सुरू केली.

लामींनी सांता फेत बांधलेल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चच्या, दारावरील त्रिकोणात देवाचे नाव हिब्रू अक्षरांत कोरलेले आहे. अब्राहम स्टाब या ज्यू व्यापाऱ्याने कर्ज माफ केल्याच्या बदल्यात ते आले, ही जोडकथा रंजक असली, तरी तिला कागदोपत्री आधार नाही. त्रिकोणातील ती अक्षरे युरोपातील अनेक चर्चमध्ये त्रैक्याचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या एकत्वाचे) चिन्ह म्हणून आढळतात.

या कॅथेड्रलची कोनशिला १८६९ मध्ये बसली. दगडी भिंती जुन्या मातीच्या चर्चभोवतीच उभारल्या गेल्या, आणि नंतर आतले ते चर्च पाडून त्याची माती बाहेर काढण्यात आली. त्याचे एक छोटे चॅपेल (प्रार्थनागृह) मात्र ठेवले गेले. सतराव्या शतकात आलेली मरियामातेची लाकडी मूर्ती आजही त्यातच आहे.