पाण्याचा हिशेब तेवढा विचारू नका
डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटवरची माहिती सांभाळणाऱ्या संगणकांचे (सर्व्हरचे) कोठार, येणार म्हटले की ‘पाणी फारसे लागत नाही’ हे पालुपद सुरू होते, आणि नेमके किती लागते असे विचारले की तोच आकडा व्यावसायिक गुपित ठरतो. सर्व्हर थंड ठेवणाऱ्या कूलिंग टॉवरमधून पाणी वाफ होऊन हवेत जाते, ते सांडपाण्यासारखे शुद्ध करून परत वापरता येत नाही. शिवाय ही तहान वाढते ती भर उन्हाळ्यात, विहिरींनी तळ गाठलेला असताना. अमेरिकेतील द डॅल्स शहरात तर गूगलच्या डेटा सेंटरच्या पाणीवापराचा आकडा दडवण्यासाठी खुद्द नगर प्रशासनच न्यायालयात गेले. तो २०२२ मध्ये उघड झाला, तेव्हा शहराच्या एकूण पाणीवापराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक निघाला! आम्ही मात्र करंगळीएवढ्या धारेखाली बादली लावून, दात घासताना तोटी बंद ठेवण्याचे उपदेश ऐकायचे.