इंदुरात पोहे मिळत नाहीत

यादी बोरिवलीच्या फलाटावर गाडीची वाट बघता बघता पूर्ण झाली. यादीत १७ पदार्थ होते आणि माझ्याकडे ३२ तास. शनिवारी सकाळी अवंतिका एक्सप्रेसमधून इंदूरला उतरायचं, रविवारी संध्याकाळी परत तिच्यातच चढायचं. झोपेचे सहा तास वजा केले, मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चार वजा केले, तरी सव्वा तासाला एक पदार्थ आरामात बसत होता. दाल-बाफले मी आधीच बाद केले होते. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग भाजायचे आणि मग कुस्करून तुपात बुडवायचे, असा तो प्रकार. एकदा खाल्ला की माणूस तीन तास उठत नाही, म्हणजे पुढचे दोन-तीन पदार्थ गेलेच. इतका बारीक विचार मी मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळीही केला नव्हता.

गणित चोख होतं. त्यात फक्त मामी धरायची राहून गेली.

इंदूर माझं आजोळ. आईचे पणजोबा होळकरांकडे कारकुनीला म्हणून कोकणातून गेले आणि तिथलेच झाले. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं, कारकुनी संपली, पण रामबागेतलं घर आणि घरातली मराठी टिकली. ही मराठी ऐकायला फार गोड असते. तिच्यात ‘नाही’ क्रियापदाच्या आधी येतं. आपण ‘खाल्लं नाहीस’ म्हणतो, ते म्हणतात, ‘तू तर काहीच नाही खाल्लं.’ हे वाक्य पुढच्या ३२ तासांत मी किती वेळा ऐकलं, ते मोजलं असतं तर यादीच्या मागची बाजू पुरली नसती.

दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, स्कूटर घेऊन स्टेशनवर आला होता. जानेवारीतली थंडी. पहिल्याच चौकात पोह्यांची गाडी दिसली आणि माझा जीव तिथेच अडकला. इंदुरी पोहे म्हणजे आपले कांदेपोहे नव्हेत. खाली पाणी उकळत असतं, त्या वाफेवर पोह्यांचं भलंमोठं पातेलं ठेवलेलं असतं, त्यामुळे सकाळी सहाला गेलात काय आणि दहाला गेलात काय, पोहे तसेच मऊ आणि गरम. चव किंचित गोडसर, मधूनच बडीशेप दाताखाली येते. वर मूठभर सेव, बारीक कांदा, लिंबू आणि जीरावन. जीरावन म्हणजे जिरं, आमचूर, काळं मीठ आणि आणखी बरंच काही घातलेला तपकिरी मसाला. इंदूरचा माणूस तो पोह्यांवर टाकतो, पेरूवर टाकतो, काकडीवर टाकतो. शेजारी कढईत जिलबी. घास पोह्यांचा, घास जिलबीचा. यादीत क्रमांक एक.

“दादा, दोन मिनिटं थांब.”

“अरे, काय करून राहिलाय? आई सहाला उठून तुझ्यासाठी पोहे करून बसलीय.”

मग काय! घरचे इंदुरी पोहे! मी मागच्या सीटवर जवळजवळ गुणगुणायला लागलो.

मामीने बशी पुढे ठेवली. कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सेवेचा एक दाणा नाही. रोज सकाळी बोरिवलीत माझ्यासमोर येते तीच बशी रात्रभर प्रवास करून माझ्याआधी रामबागेत पोचली होती.

“मुद्दाम तुमच्यासारखे केले,” मामी म्हणाली. “इकडचे ते गिचके, सेव घातलेले, तुला काय आवडायचे!”

मामी पुण्याची. लग्न होऊन इंदूरला आली त्याला पंचावन्न वर्षं झाली. बोली पार बदलली, फोडणी मात्र सदाशिव पेठेतून हललेली नाही. मामांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा.”

दुपारच्या ताटात अळूवडी, मटकीची उसळ, पुरणपोळी. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला महाराष्ट्राचीच आठवण येत असणार, अशी या घराची ठाम समजूत आहे. तीन पोळ्या झाल्यावर मी हात आडवा धरला. मामीने हाताच्या वरून वाढलं. तिचा नेम पहिल्यापासून चांगला.

यादीत दुपारसाठी छप्पन दुकान होतं. न्यू पलासियातली ही छप्पन दुकानांची ओळ. तिथे हॉट डॉग मिळतो, पण त्यात सॉसेज नसतं, पावात टिक्की नाहीतर ऑम्लेट असतं. आणि शिकंजी मिळते, जिच्यात लिंबू नसतं. आपल्याला वाटतं सरबत येईल, येतो दुधाचा घट्ट, केशर आणि सुकामेवा घातलेला पेला. प्यायचा की चमच्याने खायचा ते ज्याने त्याने ठरवावं. या शहराने नावं दुसऱ्यांची उचलली आणि पदार्थ आपल्या मर्जीने केले. मला ते पटतं.

पण दुपारी ‘जरा भेटून येऊ’ निघालं. इंदुरात भेटून येणं म्हणजे खाऊन येणं. सुदामानगरच्या मावसआजीने वडापाव केला होता. “तुम्ही मुंबईची माणसं, तुम्हाला याच्याशिवाय चालत नाही ना!” लोकमान्यनगरातल्या काकूंनी बशीत बाकरवडी ठेवली. ती मीच तासाभरापूर्वी दादाच्या बायकोकडे दिलेल्या पिशवीतली होती. मी ओळख दाखवली नाही. तिनेही नाही.

संध्याकाळी सातला परिस्थिती अशी होती: यादीतले १७ पदार्थ जागच्या जागी आणि पोटात मात्र जागा नाही. मी मामीला धीर करून सांगितलं, “रात्री सराफ्यात जायचंय, मी जेवणार नाही.”

“बरं. मग थोडंच वाढते.”

थोडं म्हणजे दोन भाकऱ्या, पिठलं, ठेचा आणि ‘एवढासाच’ भात.

साडेदहाला दादाचा मुलगा मला मोटरसायकलवर मागे बसवून राजवाड्याकडे घेऊन गेला. सात मजल्यांचा राजवाडा दिव्यांत उजळला होता. लहानपणी आजोबांचा हात धरून मी त्याच्यासमोर उभा राहायचो, तेव्हाही लक्ष मागच्या गल्लीकडेच असायचं. त्या गल्लीत दिवसा सोनं विकलं जातं. सराफ दुकानं बंद करतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया लागतात, त्या मध्यरात्र उलटेपर्यंत उतरत नाहीत. दिवसा जिथे गुंजभर सोन्यावरून घासाघीस होते, तिथे रात्री तराजूत जलेबा तोलतात. जलेबा म्हणजे ताटाएवढी जिलबी, एकच नग पावशेराच्या वर भरतो. मी त्याच्याकडे बघितलं. मनात नमस्कार केला आणि पुढे सरकलो.

गर्दी अशी की पाय उचलला तर ठेवायला जागा नाही. तूप, हिंग आणि भाजलेल्या मक्याचा एकत्र वास. पहिला मुक्काम जोशी दहीवडा. इथे वडा खाण्याआधी बघायचा असतो. दह्याने भरलेला द्रोण वर भिरकावला जातो, हवेत गिरकी घेतो आणि परत तळहातावर येतो, थेंब सांडत नाही. मग एकाच चिमटीत चार-पाच मसाले घेऊन ते एकेक करून वेगवेगळे सोडायचे: आधी तिखट, मग मीठ, मग जिरं. दोन बोटांत एवढे कप्पे कुठून येतात, हे मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. एरवी तोंड उघडं असलं की त्यात काहीतरी जातं, पण त्या क्षणी पोटाने वर निरोप पाठवला: पिठलं अजून खाली उतरलेलं नाही.

तरी वडा खाल्ला. मग भुट्टे का कीस. कोवळं कणीस किसून तुपात परतायचं आणि दूध घालून शिजवायचं. ऐकायला लहान मुलाचं जेवण वाटतं, पण हिरवी मिरची आणि लिंबू पडलं की वेगळंच होतं. पाच चमचे खाल्ले, उरलेलं पुतण्याने संपवलं. मग गराडू. कोनफळाच्या जातीचा हा कंद फक्त थंडीत मिळतो. फोडी तळायच्या, वर मसाला आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. मी याच्यासाठीच जानेवारीतल्या तिकिटावर खूश होतो. तीन फोडी खाल्ल्या. चौथी हातात धरून उभा राहिलो. ती खाली येईना आणि मी तिला सोडेना.

“काका, साबुदाणा खिचडी?”

इथे मात्र माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. इंदूरची खिचडी वाफेवरची. तूप-जिऱ्याची फोडणी नाही, मिरची परतलेली नाही. पातेल्यातून पांढरा साबुदाणा काढायचा, त्यात मसाला, लिंबू आणि वर फराळी चिवडा. सकाळपासून मी जो न्याय मागत होतो, म्हणजे इंदुरात इंदूरसारखं खायला द्या, तोच आता समोर द्रोणात आला होता आणि मी नाक मुरडत होतो. एक चमचा खाल्ला. चांगली होती. हे मी मामीला सांगणार नाही.

हातात रिकामे द्रोण साठले. हे शहर २०१७पासून सलग सात वर्षं देशाच्या स्वच्छतेच्या यादीत पहिलं आलं, त्यामुळे द्रोण खाली टाकण्याची माझी हिंमत नव्हती आणि कचऱ्याचा डबा गर्दीपलीकडे. एका हातात चार द्रोण, दुसऱ्या हातात ती चौथी फोड, अशा अवस्थेत मी मावाबाटीपुढून गेलो, मालपुव्यापुढून गेलो, खोपरा पॅटिसपुढून गेलो. पुतण्याने फोटो काढला. त्यात मी अतिशय दुःखी दिसतो.

रविवारी पहाटे साडेपाचला डोळे उघडले. पोट थोडं हललं होतं. कार्यक्रम नऊला. घरात सामसूम. स्वयंपाकघरात मामीने शेंगदाणे काढून ठेवलेले दिसले, म्हणजे आजही तेच. मी कानटोपी घातली, चप्पल हातात घेतली आणि दाराबाहेर येऊन पायात सरकवली. वय वर्षे ४८.

कालच्या चौकात धुक्यात पातेल्याची वाफ उठत होती. चार-पाच माणसं बशा घेऊन उभी. त्यांच्यातला एक म्हातारा, माकडटोपी, करडा मफलर, पाठमोरा, तन्मयतेने जिलबी मोडत होता. गाडीवाला त्याला म्हणाला, “बाबूजी, जीरावन और डालूँ?” आणि उत्तराची वाट न बघता टाकलंसुद्धा.

म्हातारा वळला.

“मामा?”

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे कोणी आहे का ते पाहिलं.

“फिरायला येतो मी रोज. डॉक्टरने सांगितलंय.”

“पोहे खायला?”

“फिरायला. पोहे वाटेत येतात.” मग गाडीवाल्याकडे वळून, “इनको भी एक दो. जलेबी गरम वाली.”

बशी हातात आली. सेव अजून कुरकुरीत होती, खाली पोहे वाफाळलेले, जीरावनाचा आंबटसर झटका थेट कानाच्या मुळाशी. आजोबांच्या शेजारी बाकड्यावर बसून खाल्लेले पोहे हेच. बराच वेळ आम्ही बोललो नाही.

“लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी हिने पोहे केले,” मामा म्हणाले. “पुण्याचे. नवीन मुलगी, लांबून आलेली, सारखी रडवेली. मी म्हटलं, वा. तिथे चूक झाली.”

“मग?”

“मग काय. पंचावन्न वर्षं म्हणून राहिलोय.” त्यांनी मफलरच्या टोकाला बोटं पुसली. “हिला नको सांगू. जिलबी घे अजून.”

आम्ही वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेलो. आठ वाजता मामांनी शेंगदाण्याचे पोहे घेतले, डोळे मिटले आणि ‘वा’ म्हणाले. मीही म्हणालो. बशी संपवलीही.

कार्यक्रम छान झाला. ओवाळलं, फोटो झाले, पंगतीत मसालेभात, अळूची भाजी, जिलबी-मठ्ठा. आचारी खास मराठी पद्धतीचं करणारा शोधला होता, असं दादा तीनदा सांगून गेला. यादीत एकंदर पाच खुणा झाल्या. बाकीचे बारा पदार्थ माझ्याकडे बघत राहिले.

निघताना मामीने स्वयंपाकघरात बोलावलं. डबा तयार होता: थालीपीठ, लोणी, दाण्याची चटणी. वरून एक पुडी ठेवली. तपकिरी, कागदातूनही वास येणारी.

“मामी, हे जीरावन?”

“हो. घरी पोह्यांवर घाल. सेवही ठेवलीय अर्धा किलो.”

“पण तुला तर इकडचे पोहे...”

मामीने डब्याची कडी लावली. “पंचावन्न वर्षं ह्यांचे मफलर कोण धुतं रे? आज सकाळी तुझ्या कानटोपीलाही तोच वास होता.”

मला काय बोलावं ते सुचेना. बाहेरच्या खोलीतून मामांचा आवाज आला, “काय म्हणून राहिलीय ती?”

“काही नाही,” मामी म्हणाली. “उद्या सकाळी पोहेच करते म्हटलं.”

“वा,” मामा म्हणाले.